आजार सिद्ध झाला, नोकरी कशी सिद्ध करायची?

आयटी कंपनीत नोकरी बदलली की पहिल्या महिन्यातच आपलं 'बॅकग्राउंड व्हेरिफिकेशन' होतं. आधी कुठे काम केलं, कधी लागलो, कधी सोडलं, हे एखादी तिसरीच कंपनी तपासते. यूएएन क्रमांक दिला की निम्मं काम भविष्य निर्वाह निधीच्या नोंदींवरून होतं आणि उरलेलं जुन्या कंपनीच्या एचआरच्या एका मेलवर. आठवडा-दोन आठवड्यांत विषय संपतो. आपल्या पिढीला याची इतकी सवय झाली आहे, की 'मी इथे काम करत होतो' हे सिद्ध करणं ही कुणासाठी मोठी अडचण असू शकते, हे चटकन लक्षातच येत नाही.

पण भेस्तान, पांडेसरा, उधना, लिंबायत, डिंडोली या भागात राहणाऱ्या आपल्या अनेक घरांमध्ये ही अडचण आहे. आपले वडील, काका, मामा धुळे-नंदुरबार-जळगावकडून ताप्ती लाइनच्या गाडीने सुरतला आले. कुणी लूम्सच्या खात्यात लागलं, कुणी डाइंग मिलमध्ये, कुणी भरतकामाच्या मशीनवर. वीस-वीस, पंचवीस-पंचवीस वर्षं काम केलं. घर झालं, मुलं शिकली, आपण इंजिनिअर झालो. या कामातून आलेला पैसा घरात दिसतो. या कामाने शरीराचं काय झालं, ते मात्र उशिरा दिसतं. आणि ते दिसतं तोवर काम केल्याचा कागद बहुधा हातात राहिलेला नसतो.

व्यवसायजन्य आजाराची भरपाई मागताना हीच गोष्ट आडवी येते. डॉक्टरचा रिपोर्ट मिळतो, पण 'हा माणूस आमच्याकडे कामाला होता' एवढं एक वाक्य मिळायला महिनोन्महिने जातात. तेवढ्यात काय करायचं, यावर हा लेख आहे.

कानाचा आजार घरात कसा दिसतो

सुरतच्या लूम्सवर मुख्यतः कृत्रिम धागा चालतो. त्यामुळे जुन्या मुंबईच्या सुती गिरण्यांत ज्याची चर्चा व्हायची त्या कापसाच्या धुळीच्या फुप्फुसविकारापेक्षा इथे कानांचं नुकसान हा मोठा प्रश्न आहे. कारखान्यांच्या नियमांत आठ तासांच्या कामासाठी आवाजाची कमाल मर्यादा ९० डेसिबल आहे. आवाज ९५ वर गेला तर चारच तास, १०० वर गेला तर दोनच तास काम करावं, असं हे कोष्टक सांगतं. लूम्सच्या खात्यात आवाज ९० च्या वर असणं नेहमीचंच आहे आणि पाळी बारा तासांची.

हे नुकसान हळूहळू होतं, बहुधा दोन्ही कानांना होतं आणि भरून येत नाही. सुरुवात उंच पट्टीच्या आवाजांपासून होते. माणूस 'मला ऐकू येत नाही' असं म्हणत नाही. तो म्हणतो, 'तुम्ही सगळे पुटपुटता.' टीव्हीचा आवाज वाढतो, दाराची बेल ऐकू येत नाही, नातवंडांचं बोलणं कळत नाही, लग्नात चार माणसं एकदम बोलू लागली की ते गप्प बसतात. 'काय म्हनस?' हा प्रश्न दर दोन मिनिटांनी येऊ लागतो. घरातले समजतात, वय झालं. ऑडिओमेट्री केली, की चार हजार हर्ट्झच्या आसपास आलेख खाली गेलेला दिसतो आणि डॉक्टर विचारतात, 'काम कुठे करत होता?'

भारतात आवाजामुळे आलेला बहिरेपणा १९४८ पासून भरपाईस पात्र आहे. प्रत्यक्षात भरपाईची मोजकी प्रकरणं दिसू लागली ती १९९६ नंतर. मधल्या जवळपास पन्नास वर्षांत कामगार बहिरे झाले नाहीत असं थोडंच आहे?

एका पत्राची वाट

आमच्या ओळखीतले एक काका आहेत, अमळनेरकडचे. बावीस वर्षं लूम्सवर होते, त्यातली शेवटची नऊ वर्षं भेस्तानच्या जवळच्या एकाच खात्यात. कानांचा त्रास वाढला तसं काम सुटलं. तपासणीत नुकसान निघालं. मुलाने भरपाईची चौकशी केली, तेव्हा त्याला सांगण्यात आलं की आधी मालकाकडून नोकरीचा दाखला आणा.

मुलगा शेठला भेटला. शेठ म्हणाले, 'ते माझे नव्हते, ठेकेदाराचे होते.' ठेकेदार गावी गेला होता. अर्ज लिहून दिला, उत्तर आलं नाही. दुसरा अर्ज दिला, 'बघतो' म्हणाले. दिवाळी आली, खातं बंद. असे आठ महिने गेले. या आठ महिन्यांत त्या मुलाने काहीच केलं नाही असं नाही, तो सतत फेऱ्या मारत होता. पण दावा दाखल झालाच नाही, कारण दाखला मिळाल्याशिवाय दावा करता येत नाही असं तो धरून चालला होता.

हाच मोठा गैरसमज आहे. मालकाचा दाखला हा नोकरीचा एक पुरावा आहे, एकमेव पुरावा नाही. त्याच्यासाठी दावा थांबवून ठेवायचं कारण नाही. कायद्यातली मुदत मालकाच्या उत्तरासाठी थांबत नाही.

कायदा नेमकं काय विचारतो

भरपाईचे दोन रस्ते आहेत. दहा किंवा जास्त कामगार असलेल्या आस्थापनांना राज्य विमा योजना, म्हणजे आपण ज्याला ईएसआय म्हणतो ती, साधारणपणे लागू होते आणि २०१७ पासून त्यासाठी वेतनाची मर्यादा महिना २१,००० रुपये आहे. ज्याचा ईएसआय आहे त्याने ईएसआयकडेच जायचं. तिथे वैद्यकीय मंडळ अपंगत्वाची टक्केवारी ठरवतं आणि कायमच्या अपंगत्वासाठी दरमहा रक्कम मिळते. ज्याचा ईएसआय नाही, त्याच्यासाठी १९२३ चा कर्मचारी नुकसानभरपाई कायदा. त्यात आयुक्तांपुढे दावा करायचा असतो.

दोन्ही ठिकाणी दोन गोष्टी पाहिल्या जातात: आजार यादीतला आहे का, आणि तो आजार देणारं काम या माणसाने केलं का. १९२३ च्या कायद्याच्या तिसऱ्या अनुसूचीत आजारांचे तीन भाग आहेत. आवाजामुळे येणारा बहिरेपणा 'ब' भागात आहे. या भागातल्या आजारासाठी त्याच एका मालकाकडे सलग किमान सहा महिने काम केल्याचं दाखवावं लागतं. तेवढं दाखवलं की आजार कामामुळेच झाला असं कायदा धरून चालतो आणि तो तसा नाही हे सिद्ध करण्याचा भार मालकावर जातो. म्हणजे सगळी लढाई त्या सहा महिन्यांच्या नोंदीवर येऊन थांबते. दर चार महिन्यांनी खातं बदलणाऱ्या कारागिराला ही अट जड जाते. नऊ वर्षं एकाच ठिकाणी असलेल्याला जड जायचं कारण नाही, फक्त ते दाखवता आलं पाहिजे.

मुदत दोन वर्षांची आहे. आजारामुळे सलग गैरहजेरी सुरू झाली त्याच्या पहिल्या दिवसापासून ती मोजतात. काम सोडल्यावर दोन वर्षांच्या आत लक्षणं दिसली, तर लक्षणं पहिल्यांदा आढळली त्या दिवसापासून. त्यामुळे पहिल्या ऑडिओमेट्रीची तारीख फार महत्त्वाची. योग्य कारण दिलं तर आयुक्त उशीर माफ करू शकतात, पण त्या भरवशावर कुणी राहू नये.

दाखला अडतो कुठे

मालक मुद्दाम टाळतो हे एक कारण आहेच, पण तेवढंच नाही. एकाच छपराखाली तीन-चार नावांनी खाती चालवायची, म्हणजे प्रत्येकात कामगार कमी दिसतात आणि कारखाना कायदा, ईएसआय, पीएफ यांतून सुटका होते. कारागिराला आपल्या खात्याचं नाव 'अमुक शेठचं खातं' एवढंच माहीत असतं. जीएसटी बिलावर वेगळंच नाव निघतं. पगार मीटरवर किंवा ताक्यावर, रोखीने, मास्टरच्या हातून. हजेरी एका वहीत, जी वर्षअखेरीस रद्दीत जाते. त्यात खातं विकलं गेलं की नवा मालक म्हणतो, 'जुन्याचं मला माहीत नाही.'

नोंद असली तरी ती जुळत नाही, हा आणखी एक त्रास. आपलं नाव गुजराती कागदावर जाताना बदलतं. आडनाव आधी येतं, नावाला 'भाई' लागतो, वडिलांच्या नावालाही 'भाई' लागतो, आणि पाटीलचं स्पेलिंग तीन प्रकारे होतं. आधारवर 'सुरेश', विमा नोंदीत 'सुरेशभाई'. संगणकाच्या दृष्टीने ही दोन वेगळी माणसं. ठेकेदार बदलला की नवा विमा क्रमांक, नवा यूएएन. एका माणसाची पंधरा वर्षांची नोकरी तीन तुकड्यांत विखुरते आणि कुठल्याच तुकड्यावरून पूर्ण चित्र दिसत नाही. डेटाबेसमध्ये काम करणाऱ्याला हे दुखणं लगेच कळेल. त्यासाठी क्रमांक एकत्र करण्याचे आणि नाव दुरुस्तीचे अर्ज असतात. दावा करायच्या आधीपासून ते काम सुरू केलेलं बरं.

मुंबईच्या गिरणी कामगारांकडून शिकण्यासारखं

जुनी नोकरी सिद्ध करण्याचा आपल्या माणसांचा सगळ्यात मोठा अनुभव मुंबईत आहे. १९८२ च्या संपानंतर गिरण्या बंद पडत गेल्या. पुढे गिरणी कामगारांना म्हाडामार्फत घरं देण्याचं ठरलं, तेव्हा अट आली की १ जानेवारी १९८२ रोजी किंवा त्यानंतर गिरणीच्या पटावर असल्याचं दाखवा. गिरणी पाडून मॉल उभा राहिला, टाइमकीपर वारले, मग दाखवायचं काय? सप्टेंबर २०२३ मध्ये म्हाडा आणि कामगार विभागाने सुमारे दीड लाख अर्जदारांची पात्रता तपासण्याची मोहीम सुरू केली. तिथे ओळखपत्र, तिकीट क्रमांकाची प्रत, सर्व्हिस प्रमाणपत्र, लाल पास, पीएफ क्रमांक, ईएसआय क्रमांक, हजेरीपत्र, लिव्ह रजिस्टरचा उतारा, ग्रॅच्युइटीचा कागद अशी लांबलचक यादी दिली होती. चाळीस वर्षांनंतर ट्रंकेच्या तळाशी सापडलेला एक पिवळा कागद एका कुटुंबाचं घर ठरवत होता.

तो विषय घरांचा होता, आजाराचा नाही. पण धडा तोच आहे. पुरावा एकाच प्रकारचा असावा लागत नाही, आणि जो कागद त्या काळी किरकोळ वाटला तोच नंतर कामाला येतो.

कागद नसल्यावर काय होतं, हे गुजरातनेही पाहिलं आहे. गोध्रा परिसरातल्या क्वार्ट्झ दळण्याच्या कारखान्यांत मध्य प्रदेशातले आदिवासी मजूर कामाला यायचे. काही महिने काम करून गावी गेले आणि सिलिकोसिसने मरू लागले. हातात ना नियुक्तीपत्र, ना पगारचिठ्ठी. राष्ट्रीय मानवाधिकार आयोगाने २०१० मध्ये २३८ मृतांच्या वारसांना प्रत्येकी ३ लाख रुपये द्यायची शिफारस गुजरातला केली. पैसे द्यायचा सर्वोच्च न्यायालयाचा आदेश यायला ४ मे २०१६ उजाडला. संघटना पाठीशी उभी होती, गावोगाव याद्या झाल्या होत्या, तरी इतकी वर्षं लागली.

खरं तर नोंदी जपण्याची जबाबदारी कामगाराची नाहीच. अहमदाबादच्या ग्राहक शिक्षण व संशोधन केंद्राच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने २७ जानेवारी १९९५ रोजी अ‍ॅस्बेस्टॉस उद्योगाला सांगितलं, की प्रत्येक कामगाराची आरोग्यनोंद नोकरीच्या सुरुवातीपासून किमान ४० वर्षं किंवा नोकरी संपल्यावर १५ वर्षं, यांतलं जे नंतर येईल तोवर जपा. आजार उशिरा दिसतो, म्हणून कागद तेवढाच टिकला पाहिजे, असा तो सरळ हिशेब होता. लूम्सच्या खात्यांना असा आदेश नाही. म्हणून ते काम घरातल्यांवर येतं.

उत्तराची वाट न बघता काय करायचं

पहिलं, मालकाला लेखी कळवा. आजार काय आहे, कधी निदान झालं, कोणत्या काळात कुठल्या मशीनवर काम केलं, हे लिहून स्पीड पोस्टाने पाठवा आणि पावती जपा. ठेकेदार मध्ये असेल तर ठेकेदार आणि खात्याचा मालक दोघांना पाठवा. १९२३ च्या कायद्याच्या कलम १२ नुसार ठेकेदाराच्या कामगाराची भरपाई मूळ मालकाकडूनही मागता येते. 'तो माझा नव्हता, ठेकेदाराचा होता' हे उत्तर त्यामुळे पुरेसं ठरत नाही. पंधरा दिवस वाट पाहा. उत्तर न येणं हीसुद्धा दाव्यात सांगण्याजोगी गोष्ट आहे.

दुसरं, सरकारी नोंदी स्वतः मागवा. उमंग अ‍ॅपवर पीएफचं पासबुक आणि नोकरीचा इतिहास दिसतो. ईएसआयचा विमा क्रमांक असेल तर वर्गणीचा तपशील मिळतो. ऑनलाइन दिसत नसेल तर ईएसआय आणि पीएफ कार्यालयाकडे माहिती अधिकाराखाली स्वतःची नोंद मागता येते. उत्तराची मुदत ३० दिवसांची आहे. खातं कारखाना म्हणून नोंदलेलं आहे का, हे गुजरातच्या औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालयाकडे विचारता येतं. मालकाने ईएसआयची वर्गणीच भरली नसेल, तरी दार बंद होत नाही. ईएसआय कायद्याच्या कलम ६८ नुसार महामंडळ कामगाराला लाभ देऊन तो खर्च मालकाकडून वसूल करू शकतं.

तिसरं, घरातले कागद गोळा करा. बँक पासबुकातल्या पगाराच्या नोंदी, यूपीआयवर शेठकडून किंवा मास्टरकडून आलेले पैसे, दिवाळी बोनसचं पाकीट, गेटपास, लॉकरची चावी दिल्याची चिठ्ठी, खात्यात काढलेला फोटो, व्हॉट्सअ‍ॅपवरचे पाळीचे निरोप, मुलांच्या शाळेच्या अर्जावर वडिलांच्या व्यवसायापुढे लिहिलेलं नाव, घरभाड्याचा करार, ई-श्रम कार्ड, जुन्या दवाखान्याच्या केसपेपरवर 'लूम्स कामगार' असं लिहिलेलं असेल तर तो केसपेपर. एकेकटा कागद कमजोर असतो. सहा-सात कागद एकाच काळाकडे आणि एकाच जागेकडे बोट दाखवू लागले, की त्यांचं वजन वाढतं. हे सगळे कागद तारखेच्या क्रमाने एका तक्त्यात मांडा: तारीख, कागद, त्यातून काय कळतं. एक्सेलमध्ये तासाभराचं काम आहे, पण वकील आणि अधिकारी दोघांचाही वेळ वाचतो.

व्हॉट्सअ‍ॅपचे निरोप किंवा फोटो पुरावा म्हणून द्यायचे असतील तर फक्त स्क्रीनशॉट पुरत नाही. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमातही इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत प्रमाणपत्र द्यावं लागतं. मूळ फोन फॉरमॅट करू नका, विकू नका.

चौथं, सोबतच्या कारागिरांची प्रतिज्ञापत्रं घ्या. 'मी यांना ओळखतो' एवढं पुरत नाही. मी स्वतः त्या खात्यात अमुक ते अमुक काळ होतो, हे दिवसपाळीत होते, इतक्या लूम्स सांभाळत होते, असा तपशील हवा. शपथ घेणाऱ्याकडे स्वतःच्या नोकरीचा एखादा कागद असेल तर फारच चांगलं. सुरतमध्ये शेजारच्या लूमवरचा माणूस ओडिशातल्या गंजामचा असू शकतो आणि पुढच्या वर्षी तो परत येईलच असं नाही. म्हणून हे काम लांबवू नये.

पाचवं, निदान करणाऱ्या डॉक्टरला कामाचा इतिहास केसपेपरवर लिहायला सांगा. कारखाना कायद्याच्या अधिसूचित आजारांच्या यादीत आवाजामुळे आलेला बहिरेपणा आहे. असा रुग्ण समोर आला तर त्याची खबर वरिष्ठ कार्यालयाला देणं ही डॉक्टरचीही जबाबदारी आहे, फक्त मालकाची नाही. असा अहवाल गेला असेल तर त्याचा पुरावा म्हणून उपयोग होतो.

सहावं आणि सगळ्यात महत्त्वाचं, हे सगळं पूर्ण व्हायच्या आधीच दावा दाखल करा. दावा दाखल झाला की पारडं बदलतं. तोवर तुम्ही शेठच्या दारात विनंती करणारे असता. दावा झाल्यावर आयुक्तांना दिवाणी न्यायालयासारखे अधिकार असतात. ते हजेरी वही, पगार पत्रक, वीजबिल मागवू शकतात, मास्टरला साक्षीला बोलावू शकतात. ज्याच्या ताब्यात नोंदवही आहे आणि जो ती देत नाही, त्याच्याविरुद्ध निष्कर्ष काढता येतो. कायद्यात असे दावे तीन महिन्यांत निकाली काढायला सांगितलं आहे. प्रत्यक्षात जास्त वेळ लागतो, पण हातात तारीख असते. औद्योगिक कामगाराला जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळू शकतो, त्याची देशभरातली हेल्पलाइन १५१०० आहे. वडोदऱ्याचं पीपल्स ट्रेनिंग अँड रिसर्च सेंटर गुजरातमधल्या व्यवसायजन्य आजाराच्या रुग्णांसोबत, विशेषतः सिलिकोसिसग्रस्तांसोबत, अनेक वर्षं काम करत आलं आहे.

वर सांगितलेल्या काकांच्या मुलाने शेवटी हेच केलं. पासबुक, बोनसच्या वेळचे दोन फोटो आणि तीन जुन्या सोबत्यांची प्रतिज्ञापत्रं जोडून त्याने मुदत संपायच्या आत दावा लावला. निकाल अजून यायचा आहे. पण त्यानंतर खात्याच्या मालकाकडून पहिल्यांदा लेखी उत्तर आलं. त्यात काका 'काही काळ' कामाला होते हे मान्य केलेलं आहे. किती काळ, हा आता वाद आहे. मुळात होतेच नाहीत, इथपासून एवढी मजल झाली.

पैशाचा हिशेब

नोकरीबरोबर पगारही सिद्ध करावा लागतो, हे अनेकजण विसरतात. १९२३ च्या कायद्याचं सूत्र असं: कायमच्या पूर्ण अपंगत्वासाठी मासिक वेतनाच्या ६० टक्के गुणिले वयानुसार ठरलेला आकडा. ३ जानेवारी २०२० पासून हिशेबात जास्तीत जास्त १५,००० रुपये वेतन धरतात. पन्नाशीच्या माणसाचा आकडा १५३.०९ आहे. समजा, डॉक्टरने कमाईच्या क्षमतेचं २० टक्के नुकसान लिहिलं. १५,००० पगार धरला तर ९,००० गुणिले १५३.०९, त्याचे २० टक्के, म्हणजे सुमारे २ लाख ७५ हजार ५०० रुपये. मालक म्हणाला की पगार ८,००० च होता आणि ते खोडता आलं नाही, तर हीच रक्कम १ लाख ४७ हजारांवर येते. पासबुकातल्या चार नोंदींची किंमत सव्वा लाखाहून जास्त आहे.

रक्कम देय झाल्यापासून महिन्याभरात दिली नाही तर १२ टक्के व्याज, आणि विलंबाला योग्य कारण नसेल तर ५० टक्क्यांपर्यंत दंडही लागू शकतो. उशीर फक्त कामगाराला महाग पडावा असं कायद्याला वाटत नाही, त्याने मालकासाठीही किंमत ठेवली आहे. दाव्यात व्याज आणि दंड दोन्ही मागायला विसरू नका.

नव्या संहिता आणि बाहेरचं जग

२१ नोव्हेंबर २०२५ पासून चार कामगार संहिता लागू झाल्या आणि १९२३ चा भरपाई कायदा व ईएसआय कायदा सामाजिक सुरक्षा संहितेत आले. आजारांची यादी, भरपाईचं सूत्र, आयुक्तांपुढचा दावा हा गाभा तसाच आहे. कलमांचे क्रमांक बदलले आहेत, आणि जुन्या आजाराला कोणता कायदा लागेल हे तारखांवरून ठरेल, तेवढं वकिलाकडून तपासून घ्यावं. आपल्या विषयासाठी खरा बदल वेगळा आहे: प्रत्येक कामगाराला नियुक्तीपत्र देणं आता बंधनकारक आहे. चाळिशीपुढच्या कामगारांसाठी वर्षातून एकदा मोफत आरोग्य तपासणीही आहे. या दोन कागदांनी निम्मे वाद मिटू शकतात, पण ते कामगाराने मागून घेतले तर.

पडताळणीचा उशीर हा फक्त आपल्याकडचा प्रश्न नाही. अमेरिकेत अण्वस्त्र कारखान्यांतल्या कामगारांसाठी २००० साली भरपाईचा कायदा झाला. तिथेही अर्ज आला की ऊर्जा विभागाकडून नोकरीची खातरजमा मागवतात. पण ती मिळाली नाही तर सामाजिक सुरक्षा खात्याच्या कमाईच्या नोंदी आणि सहकाऱ्यांची प्रतिज्ञापत्रं चालतात, आणि त्यासाठी छापील फॉर्मच आहे. ब्रिटनमध्ये जुन्या मालकाचा विमा कुणाकडे होता हे शोधून देणारं कार्यालय २०११ पासून आहे. अ‍ॅस्बेस्टॉसमुळे होणाऱ्या एका कर्करोगासाठी तर २०१४ पासून अशी योजना आहे, की जबाबदार मालक किंवा त्याची विमा कंपनी सापडलीच नाही तरी रुग्णाला पैसे मिळतात.

आपल्या देशात राजस्थानने २०१९ च्या धोरणात सिलिकोसिससाठी क्रमच बदलला. कामगार स्वतः ऑनलाइन नोंद करतो, वैद्यकीय मंडळ आजार प्रमाणित करतं आणि राज्य मदत देतं. मालकाचा दाखला मिळेपर्यंत रुग्ण थांबत नाही. गुजरातच्या आणि महाराष्ट्राच्याही यंत्रमाग कामगारांसाठी अशी मागणी करता येईल. भिवंडी, मालेगाव, इचलकरंजीत आवाज काही कमी नाही.

घरी करण्यासारखं

कायदा बदलायचा तेव्हा बदलेल. या रविवारी करता येण्यासारखं काम मात्र साधं आहे. घरात कुणी लूम्सवर, डाइंगमध्ये किंवा कुठल्याही आवाजाच्या, धुळीच्या, रसायनांच्या कामात असेल, तर त्यांच्याजवळ बसा. कुठल्या वर्षी कुठल्या खात्यात, शेठ कोण, मास्टर कोण, सोबत कोण, हे विचारून लिहून काढा. पत्ता विचारा, शक्य असेल तर खात्याबाहेरच्या पाटीचा फोटो काढा. जुनी पासबुकं स्कॅन करा. आधार, पीएफ आणि विमा नोंदीतलं नाव एकच आहे का, ते बघा. एकदा ऑडिओमेट्री करून घ्या आणि रिपोर्टवर तारीख आहे ना, ते पाहा.

त्यांना हे विचारलं की आधी ते म्हणतील, 'कशाला आता ते जुनं?' मग हळूहळू सांगू लागतील. पहिलं खातं, पहिला पगार, रात्रपाळीतली चहाची टपरी, कुठल्या गल्लीत खोली होती. आपल्याला माहीत नसलेली बरीच वर्षं त्यात निघतील. मोठ्याने आणि समोर तोंड करून बोला, म्हणजे त्यांना नीट ऐकू येईल.